कानशीची सुरी

मराठी लेखकाने लोहारसाळेतून जेवढे शब्द उसने आणले आहेत तेवढे दुसऱ्या कुठल्या कारागिराकडून आणले असतील असे वाटत नाही. प्रश्न ऐरणीवर येतात, माणसे तावून निघतात, घणाचे घाव सोसतात आणि शेवटी पाणीदार ठरतात. उसने आणलेले परत करण्याचा प्रघात साहित्यात नसल्यामुळे या शब्दांचे मूळ मालक त्यांचे काय करीत होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आम्हीही केली नव्हती. २००९ साली वडील गेले तेव्हा आम्ही एका दिवाळी अंकासाठी त्यांच्यावर लेख लिहिला आणि त्याचे शीर्षकच 'पाणी दिलेले पोलाद' असे ठेवले. लेख बऱ्याच जणांना आवडला. पोलादाला पाणी देताना आम्ही तोवर एकदाही पाहिलेले नव्हते, ही गोष्ट कोणाच्या, खुद्द आमच्याही, लक्षात आली नाही. ते पाहण्याचा आणि पुढे स्वतःच्या हाताने करून बघण्याचा योग आला तो त्यानंतर चौदा वर्षांनी, आणि तोही आईच्या गुडघ्यामुळे.

२०२२ च्या अखेरीस आईच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. जमिनीवर बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. याचा अर्थ विळीवर बसायचे नाही असा होतो, हे आमच्या ध्यानात यायला आठवडा गेला. साठ वर्षे जी बाई विळीवर बसून चिरत आली तिला ओट्याशी उभे राहून सुरीने चिरायला सांगणे म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या हाताने लिहायला लावण्यासारखे आहे. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी पात्याकडे जाते. सुरीत भाजी स्थिर आणि पाते फिरते. आईने तक्रार केली नाही, परंतु बाजारातून आणलेली प्रत्येक सुरी दोन दिवसांत ड्रॉवरच्या तळाशी जाऊ लागली. एक हलकी होती, एक वाकत होती. तिसरीविषयी ती म्हणाली, "ही चिरत नाही रे, चेंगरते." तिला विळीच्या पात्यासारखे जड, काळे, धार धरणारे काहीतरी हवे होते. जुन्या कानशीपासून उत्तम सुरी होते असे आम्ही कुठेतरी वाचले होते, आणि घरात कानशींची पेटी होती.

ती वडिलांची पेटी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ते फिटर होते. ऑइल इंजिनांचे सुटे भाग घडवणाऱ्या, दिवसभर लोखंडाचा कीस उडणाऱ्या त्या वस्तीत त्यांची उमेद गेली. हत्यारे ते कोणाला उसनी देत नसत, आणि कानस तर नाहीच. खंडेनवमीला पेटी उघडून प्रत्येक कानस तारेच्या ब्रशने साफ होई, तिला हळदकुंकू लागे आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फडक्यात गुंडाळली जाई. दहावीच्या सुट्टीत त्यांनी आम्हांला व्हाइससमोर उभे केले. लोखंडाचा एक तुकडा बांधून दिला आणि चौरस करायला सांगितले. "पुढे जाताना कापायचं, मागे येताना उचलायचं," एवढीच शिकवणी. तीन दिवस आम्ही घासत होतो. नवशिक्याची कानस हातात झोके खाते, त्यामुळे पृष्ठभाग सपाट न होता मधे फुगतो, आमचाही फुगला. वडिलांनी तुकडा गुण्याला लावून उजेडाकडे धरला. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून दोन्ही कडांना प्रकाशाची रेघ दिसत होती. ते काही बोलले नाहीत, तुकडा भंगाराच्या डब्यात टाकला. आम्ही पुढे मराठी साहित्याकडे वळलो आणि त्या व्हाइससमोर पुन्हा उभे राहिलो नाही. पेटी उघडली तेव्हा तो तुकडा त्यात असेल की काय, अशी आशा एक क्षण वाटली. अर्थातच नव्हता. भंगारात टाकलेली वस्तू ते परत उचलणाऱ्यांपैकी नव्हते.

कानशीविषयी थोडे सांगणे भाग आहे. साध्या लोखंडी सळईत कार्बनचे प्रमाण फार तर पाव टक्का असते. कानशीच्या पोलादात ते एक ते सव्वा टक्क्याच्या आसपास जाते. (स्वस्तातल्या काही कानशींना केवळ वरच्या थरातच कार्बन मुरवलेला असतो, त्यांची सुरी होत नाही.) एवढ्या कार्बनचे पोलाद लाल तापवले की कार्बन लोखंडात विरघळतो. ते एकदम थंड केले तर त्याला बाहेर पडायला अवधी मिळत नाही, तो आतल्या आत अडकतो आणि पोलाद कमालीचे कठीण होते. कठीण, आणि तितकेच ठिसूळ. कानशीला हे चालते, कारण तिला वाकायचे नसते. दुसऱ्या लोखंडाला झिजवण्यापुरतीच ती असते. मात्र फरशीवर पडली तर काचेसारखी तुटते. गंमत अशी की कानशीचे दात पाडताना ती मऊच असते. यंत्रे येण्यापूर्वी शेफील्डचे कारागीर शिशाच्या बैठकीवर कानस ठेवून छिन्नीने एकेक दात हाताने पाडत, आणि त्या शिशाच्या विषबाधेने आजारी पडत. दात पाडून झाल्यावर मग तिला कठीण करीत. म्हणजे जिला आपण जन्मजात कठीण समजतो ती कानसही मऊपणातूनच आलेली असते.

वडिलांच्या कानशीला हात लावण्याचे धैर्य पहिल्या खेपेस झाले नाही. जुन्या बाजारातून दहा इंची मोडकी कानस आणली. परसात विटांचा खड्डा केला, कोळसा भरला आणि भात्याच्या जागी केस वाळवायचे यंत्र लोखंडी नळीला जोडले. कानस लाल करून लाकडाच्या राखेत रात्रभर पुरून ठेवली. हळूहळू निवाली की पोलाद मऊ होते. ते खरेच झाले. आदल्या दिवशी जिच्यावर ड्रिलचे टोक नुसते घसरत होते तिच्यात सकाळी भोक पडले. मग कानशीने कानस घासायची, हा चार रविवारांचा उद्योग. दात सगळे घासावेत की काही राखावेत, याविषयी आमच्यातला साहित्यिक जागा झाला. पात्याच्या पाठीशी दातांची नक्षी राहिली तर वस्तूचा पूर्वजन्म दिसेल, असे वाटून ती राखली. पुन्हा लाल केले आणि 'पाणी दिलेले पोलाद' या शीर्षकाला स्मरून बादलीभर पाण्यात बुडवले. बारीकसा 'टिक' असा आवाज आला. बाहेर काढून पुसले तेव्हा पाठीवरच्या एका दाताच्या खाचेतून निघालेली केसाएवढी भेग थेट धारेपर्यंत गेलेली होती. दोन बोटांनी दाबताच पात्याचे दोन तुकडे झाले. तुटलेल्या कडेचा पोत खडीसाखरेसारखा चकाकत होता.

त्या सुमारास गावाबाहेरच्या रस्त्यालगत घिसाड्यांची पाले पडली होती. ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की ही फिरती लोहार कुटुंबे कोल्हापूरच्या आसपास दिसू लागतात. जमिनीत रोवलेली लहानशी ऐरण, शेजारी विस्तव, आणि ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांतून कोयते घडताहेत. पुरुष सांडशीने लोखंड धरून बसतो आणि उभी राहून घण मारते ती बाई. आम्ही दोन्ही तुकडे खिशात घालून गेलो. म्हाताऱ्याने तुटलेली कड उन्हात धरली.

"लई तापवली की सायेब. आन् दात पुरतं घासलं न्हाईत."

"पाणी तर दिलं होतं, मामा."

"कानशीला पाणी सोसत न्हाई. तिला तेलात घालायचं. पाणी ह्याला चालतं," असे म्हणून त्याने समोरच्या कमानपाट्यावर हातोडी आपटली. घण टेकवून उभी असलेली त्याची बायको हसली. "सायबाचं पाणी जादा झालं!"

आम्ही तिथेच बसून राहिलो. त्याने तयार कोयता तापवला, आणि आम्हांला वाटले होते तसा तो पाण्यात पुरता बुडवला नाही. केवळ धारेकडची दोन बोटे भिजतील एवढाच बुडवून वर काढला. पाठ अजून लालसर होती. धारेजवळची काजळी त्याने विटेच्या तुकड्याने घासून लोखंड उजळ केले आणि स्तब्ध राहिला. पाठीत राहिलेली ऊब हळूहळू धारेकडे सरकू लागली, आणि त्या उजळ पट्टीवर रंग चालत आले. आधी फिकट पिवळा, मग गव्हाळ, मग तपकिरी, त्यामागे जांभळट. जांभळी छटा धारेला पोचली तशी त्याने कोयता संपूर्ण पाण्यात सोडला.

"हे कशासाठी?" आम्ही विचारले.

"पाणी जरा उतरवायचं. पुरं ठिवलं तर उसाच्या पहिल्या कांडीवर तुकडा पडतोय."

हे वाक्य आम्ही परतीच्या वाटेवर अनेकदा मनाशी घोळवले. आपल्या भाषेत पाणी चढते तेव्हा गौरव असतो आणि उतरते तेव्हा नामुष्की. एखाद्याचे पाणी उतरले म्हणजे त्याचा तोरा गेला, तेज गेले. इथे एक माणूस दिवसाला कितीतरी कोयत्यांचे पाणी जाणून, मोजून, रंगावर नजर ठेवून उतरवीत होता, आणि त्यावाचून त्याचा कोयता कोयता झालाच नसता. विस्तव, घाव आणि पाणी हे आपण साहित्यात आणले. त्यानंतरची ही मंद आच मात्र लोहारसाळेतच राहून गेली.

आता वडिलांची कानस काढणे आले. आईला विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांनी कधी कुणाला दिली नाही." आणि थोड्या वेळाने, "पण मला दिली असती." आम्ही पेटीतली दहा इंची चपटी कानस निवडली. मूठ काढली तेव्हा शेपटावर पंचाने ठोकलेली त्यांची आद्याक्षरे दिसली. शेपटाचा भाग कारखान्यात कठीण करीत नाहीत, म्हणून पंच उमटू शकेल अशी कानशीवरची ती एकच जागा. ती मुठीच्या आत झाकली गेली होती आणि इतकी वर्षे आम्ही ती पाहिली नव्हती.

या खेपेस कानस राखेत मऊ केल्यावर एकूण एक दात घासून टाकले. पाते पातळ करण्याचे काम हाताने होण्यासारखे नव्हते, तेव्हा पुन्हा पालावर गेलो. मामाने सांडशीत धरले, मावशींनी घण उचलला, आणि वडिलांनी जिला कधी परक्याचा हात लागू दिला नाही ती कानस चार-पाच तावांत रुंद आणि पातळ होऊन आमच्या हाती आली. मजुरी कोयत्याची घेतात तेवढीच घेतली. त्यानंतरचे घासकाम मात्र आमचे. पेटीतलीच दुसरी कानस घेऊन, पुढे जाताना कापायचे, मागे येताना उचलायचे. पन्नाशीच्या हातांना ते सोळाव्या वर्षापेक्षा थोडे बरे जमले. गुण्या लावून पाहिला. उजेडाची रेघ अजूनही होती, पण बारीक.

पोलाद किती तापवावे, याला एक सोपी कसोटी आहे. ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे लोखंड चुंबकाला ओळख देत नाही. जुन्या स्पीकरमधला चुंबक तारेला टांगून ठेवला. पाते त्याला चिकटेनासे झाले की किंचित आणखी तापवायचे आणि थांबायचे. अंधार पडल्यावर हे केले, म्हणजे रंग नीट दिसतो. कोमट केलेल्या शेंगदाणा तेलात पाते उभे सोडले. भक्कन् जाळ झाला, धूर झाला, सबंध परसात भजी तळल्याचा वास सुटला. 'टिक' असा आवाज येतो की काय म्हणून आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. आला नाही. थंड झाल्यावर धारेवर दुसरी कानस फिरवली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली. पोलाद पुरते कठीण झाले होते. अर्थात याच अवस्थेत ते ओट्यावरून पडले असते तर तुकडे झाले असते.

दुसरी, मंद आच स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये द्यायची होती. पाते घासून लख्ख केले, आकडा २०० अंशांवर ठेवला. परंतु घरगुती ओव्हनचा आकडा भरवशाचा नसतो, खरे पाहायचे ते रंगाकडे. पोलादावर चढणाऱ्या अतिशय पातळ अशा गंजाच्या थरामुळे हे रंग दिसतात. आच वाढते तसा थर जाड होतो आणि रंग पालटतो. आम्हांला गव्हाळ हवा होता. चष्म्यातून, काचेतून, ओव्हनच्या पिवळ्या दिव्यात तो ओळखणे आम्हांला जमेना. आई खुर्ची ओढून ओव्हनसमोर बसली. "कसा हवाय तुला? बेसन भाजतो तसा?" आम्ही म्हटले, "बेसनाला वास सुटायच्या जरा आधी असतो तसा." "मग कच्चा आहे अजून," असे म्हणून ती काचेत पाहत राहिली.

त्या तासाभरात ती जे बोलली ते इथे लिहिणे आवश्यक आहे. आमच्या २००९ च्या लेखाचा मध्यबिंदू एक प्रसंग होता. मापात न बसणारे भाग पुढे पाठवावेत की नाहीत, यावरून वडिलांचे कारखान्यात वाजले आणि १९८९ साली त्यांनी उभ्या उभ्या नोकरी सोडली. ते पुन्हा त्या फाटकातून आत गेले नाहीत. लेख तिथेच संपला होता. पाणी दिलेले पोलाद ते हेच. आई काचेकडे पाहत म्हणाली, "आठ महिने घरी होते. तुझी फी भरायची होती. मग गेले त्या मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये. पगार कमी. आणि मालक कोण, तर ह्यांनीच हाताखाली शिकवलेला पोरगा. पहिल्या दिवशी जाताना दारात थांबले. म्हणाले, आज त्याला साहेब म्हणावं लागेल. आणि म्हणाले. अकरा वर्षं म्हणत होते."

आम्ही विचारले, "हे तू कधी बोलली नाहीस?"

"तू कधी विचारलं नाहीस. तुझा लेख छान होता. मग मी कशाला बोलू?" आणि लगेच, "काढ. बस्स. आणखी ठेवलास तर करपेल."

दार उघडले. पाते टोकापासून शेपटापर्यंत एकसारखे गव्हाळ झाले होते. नियमाप्रमाणे आणखी एकदा तासभर आच दिली, पण रंग आईने सांगितला तोच राहिला.

माणसाचे पोलाद करून टाकण्याचा मोह आम्हांला इथे पुन्हा होतो आहे, आणि तो आवरायला हवा. एकदा तेच करून आम्ही फसलो आहोत. वडील कानस नव्हते आणि सुरीही नव्हते. आठ महिन्यांनंतर त्या शेडच्या दारात उभे राहताना त्यांना काय वाटले, हे पोलादाच्या कुठल्याही रंगावरून आम्हांला कळणार नाही. एवढेच म्हणता येईल की आमच्या लेखात नोकरी सोडण्याचा एक दिवस होता आणि त्यापुढची अकरा वर्षे नव्हती. तो एक दिवस लिहायला सोपा होता, कारण त्याच्यासाठी शब्द भाषेत तयार होते. अकरा वर्षांसाठी असलेला शब्द आमच्याकडे नामुष्कीचा म्हणून पडून होता. तो कामाचाही असू शकतो, हे सांगायला रस्त्याकडेचा एक लोहार लागला.

मूठ बदलली नाही. कानशीची जुनी गोल लाकडी मूठच पुन्हा ठोकून बसवली, त्यामुळे आद्याक्षरे पूर्वीसारखीच आत झाकली गेली. गोल मूठ सुरीला तितकीशी बरी नव्हे, ओल्या हातात फिरते. दोन्ही बाजूंनी थोडी तासून चपटी करतो म्हटले तर आई म्हणाली, "राहू दे, सवय होईल." पाते जड आहे, पाठीशी थोडे वाकडे आहे, आणि लिंबू किंवा आमसूल लागले की काळे पडते. ते आईला सांगावे लागले नाही. विळी आणि सुरी दोन्ही ती चिरून झाल्याबरोबर पदराला पुसते, तशी ती पुसू लागली. पहिल्या दिवशी तिने कांदा चिरला, मग मेथी. ड्रॉवरच्या तळाशी ही सुरी गेली नाही, हीच आम्हांला मिळालेली पावती.

बाकी एक काम वाढले आहे. पुरते कठीण ठेवले असते तर धार जास्त टिकली असती. थोडे मऊ केल्यामुळे ती अधूनमधून लावावी लागते. वडील दर पंधरवड्याला रविवारी सकाळी विळीला धार लावून देत, न बोलता, दगडावर पाणी शिंपडून. तो दगड पेटीच्या तळाशी होता, मधोमध झिजून खोलगट झालेला. काल रात्री आईने सुरी ओट्यावर काढून ठेवली आहे. आज रविवार.